हराळी-कुंद्याच्या रानात सूर्यफूल

प्रश्न (मोहोळ तालुका): काळी भारी जमीन, दोन एकर. तीन वर्षं पडीक होती, हराळी आणि कुंदा ही तणं माजलीत. रोटाव्हेटर मारून जुलैत सूर्यफूल पेरू का?

उत्तर: पेरा, पण रोटाव्हेटर अजिबात मारू नका. हराळीची काशी, म्हणजे जमिनीतलं आडवं खोड, हातात घेऊन बघा. पेरापेराला डोळा दिसेल. रोटाव्हेटर तिचे तुकडे करून रानभर पसरवतो, आणि पहिल्या पावसात तुकडा तुकडा फुटतो. कुंद्याची मुळं तर भारी काळीत खोलवर उतरलेली असतात. कोळप्यानं वरचा शेंडा कापला जातो, खालून पुन्हा फुटतो.

आत्ता एप्रिल आहे, सोलापूरच्या उन्हाचा फायदा घ्या. पलटी नांगरानं खोल नांगरट करा आणि ढेकळं फोडण्याची घाई न करता रान महिनाभर तापू द्या. मग कुळवाच्या पाळ्या देऊन, म्हणजे कुळव पुन्हा पुन्हा फिरवून, काशा वेचा, बांधावर न टाकता वाळवून जाळा. कुंद्याची ठोंबं मात्र कुदळीनं खणूनच काढावी लागतील. मजुरी लागते हे मान्य, पण नुसता वरवर कापून तो जात नाही. काशी वाळली का हे बघायचं तर मोडून पाहा. कटकन तुटली तर मेली, नुसती वाकली तर जिवंत आहे.

जूनच्या पावसानंतर जे हिरवं फुटेल त्यावर आणखी एक पाळी द्या. तरीही जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रान हिरवंच दिसलं तर खरीप सोडा. पाळ्या चालू ठेवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रब्बीचं सूर्यफूल घ्या. माझं मत विचाराल तर तुमच्या रानाला रब्बीच बरी.

सूर्यफूल पुढं मोठ्या पानांनी सावली धरून तण दाबतं, पण पहिला महिना-सव्वा महिना ते तणापुढं टिकत नाही. म्हणून ६० बाय ३० सेंटिमीटरवर पेरा, संकरित बियाणं एकरी दोन ते अडीच किलो. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एका जागी एकच रोप ठेवा. पंधरा-वीस दिवसांनी खुरपणी, मग कोळपणी. पेंडीमिथॅलिन हे तणनाशक पेरणीनंतर लगेच, ओल असताना फवारलं तर बियांपासून उगवणारं तण थांबतं, हराळी-कुंद्याला त्याचा उपयोग नाही.

बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आत उपटा. त्याच्या परागातून फुलकिड्यांमार्फत नेक्रोसिस या रोगाचा विषाणू सूर्यफुलावर येतो. बाधित झाड खुरटतं, शेंडा वाकडा होतो, आणि त्यावर औषध नाही.

प्रश्न (माळशिरस): शेजारच्या उसात तणनाशक मारल्यावर माझ्या सूर्यफुलाची पानं आवळली, देठ पिळवटले. रोग आहे का?

उत्तर: रोग नाही, लक्षणं २,४-डी या तणनाशकाची वाटतात. वाऱ्यावर आलेला थोडा फवाराही सूर्यफुलाला बाधतो. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, वारा तुमच्याकडं असताना फवारणी नको. आणि ज्या रानात मागच्या ज्वारी, मका किंवा उसाला अ‍ॅट्राझीन हे तणनाशक दिलंय, तिथं लगेच सूर्यफूल घेऊ नका, रोपं पिवळी पडून जळतात.