वाचकांचे प्रश्न : ट्रिगर मधेच ‘मरतो’, काय करावं?

प्रश्न : माझी मुलगी क्लबच्या पॉइंट टू टू बोल्ट-ॲक्शन (मागचा बोल्ट म्हणजे दांडा हाताने सरकवून बंद करायच्या) रायफलवर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) करते. पावसाळा लागल्यापासून मधेच कधीतरी ट्रिगर दाबला की काहीच होत नाही, एकदम ढिला लागतो, बोल्ट उघडून परत बंद केला की व्यवस्थित चालतो. कोच म्हणतात तिचंच काहीतरी चुकतंय, पोरगी रडकुंडीला आलीय. ट्रिगरचे स्क्रू थोडे फिरवून बघू का?
— एक पालक, सांगली

उत्तर : स्क्रू अजिबात फिरवू नका दादा. त्यातला एखादा स्क्रू सिअरची, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड किती खोल बसणार ते ठरवतो, ती कमी झाली तर आज न सुटणारी गोळी उद्या बोल्ट आपटल्यावर आपोआप सुटेल. आणि हो, कारण सापडेपर्यंत या रायफलमध्ये काडतूस घालायचं नाही, कधीकधीच होतं म्हणून चालवून घेऊ असं तर मुळीच नाही.

आता मुलीचं. बोल्ट बंद करताना बोट ट्रिगरला टेकलेलं असेल तर सिअर पकडतच नाही, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारी) बोल्टबरोबर हळूच पुढे सरकते आणि मग ट्रिगर असाच मेलेला लागतो. म्हणजे कोच म्हणतात ते शक्य आहे, पण ते तपासायला दोन मिनिटं लागतात: रिकामी रायफल, नळी टार्गेटकडे, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तिला बोल्ट मारू द्या. बोट बाहेर असूनही बोल्टच्या मागचा कॉकिंग इंडिकेटर (पिन ताणलेली आहे हे दाखवणारी खूण) बाहेर राहत नसेल तर दोष रायफलचा, विषय संपला, त्या पोरीला कोणी बोलायचं नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं, अधूनमधून येणारा बिघाड आपण नेहमी नेमबाजाच्या माथी मारतो आणि एकदा तिचा स्वतःच्या बोटावरचा विश्वास गेला की तो परत यायला फार वेळ लागतो.

पावसाळ्यात सुरू झालं म्हणताय, त्यामुळे मला पहिला संशय लाकडी स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा, येतो. लाकूड दमट हवेत फुगतं, ट्रिगरच्या खाचेत तेवढी जागा राहत नाही, मग ट्रिगर कडेला घासतो आणि सोडल्यावर पूर्ण आपल्या जागी परत येत नाही. एखाद्या दिवशी ऊन पडलं की परत ठीक. स्टॉक काढून, रिकाम्या ॲक्शनवर (बोल्ट आणि ट्रिगर बसवलेल्या धातूच्या भागावर) बोल्ट पुन्हापुन्हा मारून बघायला सांगा, बाहेर एकदाही अडलं नाही आणि स्टॉकमध्ये बसवल्यावर अडलं तर उत्तर मिळालंच. ॲक्शनचे स्क्रू कोणी जास्त आवळलेत का किंवा बदलून लांब बसवलेत का, हेही तेव्हाच दिसेल.

स्टॉकबाहेरही तेच होत असेल तर आत घाण. पॉइंट टू टूच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, जळलेल्या दारूची काजळी असते, आणि त्यावर आपल्याकडे सगळीकडे तेल मारायची सवय. रायफल कपाटात उभी ठेवली की तेच तेल उतरून ट्रिगरमध्ये येतं, घट्ट होतं आणि सिअर वेळेत वर येत नाही. एवढंसं चिकट काय करेल असं वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण बघा, रेमिंग्टनने २०१४ मध्ये एक्स-मार्क-प्रो ट्रिगरच्या, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या, कारण जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ काही ट्रिगरमध्ये जास्त लागला होता आणि त्याने गोळी आपोआप सुटण्याचा धोका होता. तिथे उलटा बिघाड, पण जागा तीच. तेव्हा आत तेल मारू नका, लायसन्सवाल्या आर्मररकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) सॉल्व्हंटने धुऊन, सुकवून घ्या, स्प्रिंग आणि सिअरची कड झिजलीय का तेही तोच बघेल.

त्याच्याकडे जाताना नोंद घेऊन जा: कधी झालं, पाऊस होता का, किती शॉटनंतर, बोल्ट जोरात मारला की हळू, इंडिकेटर बाहेर होता की आत. नुसतं ‘कधीकधी होतं’ सांगितलं तर तो दोनदा क्लिक करून परत देईल.

अजून एक, पिन पुढे गेल्याचा ‘टक’ आवाज आला आणि गोळी सुटली नाही तर तो वेगळा प्रकार, तेव्हा बोल्ट लगेच उघडायचा नाही, नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं आणि हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. तुमची मुलगी आत्ता लगेच बोल्ट उघडतेय असं दिसतंय, ते आजच बंद करायला सांगा. रायफल दुरुस्त होईपर्यंत तिला क्लबची दुसरी द्यायला लावा, नसेल तर १० मीटर एअर रायफलवर सराव चालू ठेवू दे.