तीन महिने नोटीस दिल्या दिवसापासून मोजतात, भाऊ

तुम्ही लिहिलंय, विशेष विवाह कायद्याखाली (म्हणजे धार्मिक विधीशिवाय, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करून) लग्न करायची नोटीस नागपुरात मार्चात दिली, आक्षेपासाठीचे तीस दिवस एप्रिलात संपले, आता तिथून लग्न लावायला तीन महिने आहेत, म्हणून ताई दुबईहून आली की जुलैत लग्न लावू. वाचून पोटात गोळाच आला. हेच गणित आम्ही मांडलं होतं.

वय, फोटो, आधार यात शिरत नाही, ते तुम्ही केलेलंच दिसते.

मी नागपूरची, नवरा चंद्रपूरचा. याच कायद्याखाली १२ फेब्रुवारीला नोटीस दिली. मार्चात तीस दिवस उलटले, आक्षेप कोणाचा आला नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथल्या खिडकीवर विचारलं की लग्न कधीपर्यंत करता येईल? बाबू मान वर न करता म्हणाला, "तीन महिने आहेत न तुमच्याजवळ." कधीपासूनचे, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही शहाण्यांनी विचारलं नाही. शाळेच्या सुट्ट्या, गोंदियाहून येणारे काका, सगळ्यांची सोय पाहून २४ मे ठरवला.

त्या दिवशी उन्हात तीन साक्षीदार, दोन हार आणि संत्रा बर्फीचे चार डबे घेऊन पोहोचलो. साहेबांनी रजिस्टर उघडलं, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही नोटीस तर संपली. कायद्याचं कलम १४ आहे: तीन महिने नोटीस दिल्याच्या तारखेपासून, आणि ते तीस दिवस त्यातच धरलेले. म्हणजे हातात खरे दोनच महिने असतात. पुन्हा नोटीस, पुन्हा फी, पुन्हा तीस दिवस. काका गोंदियाला परत गेले ते जूनच्या शेवटी लग्न झालं तेव्हा आलेच नाहीत, त्यांच्या जागी एक मित्र साक्षीदार म्हणून उभा केला. बर्फी शेजाऱ्यांनी संपवली. कायद्यावर माझा राग नाही, पण एक वाक्य पूर्ण बोलायला त्या माणसाचं काय जात होतं?

मी वकील नाही, तारखा कार्यालयातून एकदा लेखी पक्क्या करून घ्या. पण माझं विचाराल तर जुन्या नोटिशीवरच जून लागायच्या आत सह्या करून मोकळे व्हा आणि जुलैत ताईसमोर हार घाला. तिच्यासमोरच सह्या हव्या असतील तर मेच्या शेवटी नवी नोटीस द्या. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी सलग तीस दिवस नागपूर जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो, हे नव्यानंही लागू आहे. नोकरीसाठी पुण्याला गेला असाल तर आधी तेवढं पाहा.

वर कोणीतरी महापालिकेच्या झोनमध्ये जाऊन 'नमुना ड' भरायला सांगितलंय. तो धार्मिक विधीनं आधीच लग्न झालेल्यांच्या नोंदणीचा कागद, राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याचा. तुमच्या कामाचा नाही, उगाच चकरा होतील.

आणि घरचे आक्षेप घेतील म्हणून घाबरू नका. पसंत नाही, जात वेगळी आहे, ही कायद्यात आक्षेपाची कारणंच नाहीत. हॉलवर लग्न हवं असेल तर जादा फी भरून विवाह अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावर बोलावता येते, आम्हाला हे फार उशिरा कळलं.

नोटिशीची पावती काढा आणि तिच्यावरची मार्चातली नेमकी तारीख इथे टाका. शेवटचा दिवस मोजून सांगते.