माटोळीखाली पडलेला फोन

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला निवृत्त मास्तर. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची आरास, बांधायला स्टुलावर चढलो आणि शर्टाच्या खिशातला अँड्रॉइड फोन खाली आपटला. चित्र स्पष्ट दिसतं, पण स्क्रीन बोटाला दाद देत नाही. जत्रेच्या नाटकाचे दोन अंक त्यात आहेत. भाचा म्हणतो, घरच्या कॉम्प्युटरवरून फोन चालवता येतो. खरं का?

उत्तर : मास्तर, भाचा खरं सांगतो, पण मधली गोम त्याने सांगितलेली दिसत नाही.

त्याच्या मनात आहे ते बहुधा 'स्क्रीनकॉपी' नावाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, २०१८ पासून आहे. इंग्रजी नावातली काही अक्षरं गाळून टाकलीत, त्यामुळे शोधताना एस-सी-आर-सी-पी-वाय अशी अक्षरं घाला. केबल जोडली की फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर खिडकीत उघडते आणि माऊस हेच तुमचं बोट. गोम अशी, की त्यासाठी फोनमध्ये 'यूएसबी डिबगिंग', म्हणजे केबलवरून कॉम्प्युटरला फोन हाताळू देणारी सोय, चालू हवं आणि पहिल्यांदा जोडताना फोन 'परवानगी देऊ का?' विचारतो. उत्तर द्यायचं फोनच्याच स्क्रीनवर, आणि तीच तर मेलीय!

म्हणून आधी बाजारातून ओटीजी नावाचं बोटभर जोडणं आणा. एक टोक फोनला, दुसऱ्यात कॉम्प्युटरचा साधा माऊस. फोनवर बाण उमटला की निम्मी लढाई जिंकलात. पॅटर्नचं कुलूपसुद्धा माऊस दाबून ओढत उघडतं. काही फोनांत ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. तुमचा तसला निघाला तर स्क्रीनकॉपीतच ओटीजी नावाची सोय आहे. तीत चित्र येत नाही, पण डिबगिंग नसतानाही कॉम्प्युटरचा माऊस फोनवर चालतो. चित्र तुम्हाला फोनवर दिसतंच आहे.

मग सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली 'बिल्ड नंबर' शोधा आणि त्यावर सात वेळा टिचकी मारा. खरंच सात! 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात, त्यात डिबगिंग सापडेल. फोन शाओमीचा असेल तर तिथेच कंसात 'सिक्युरिटी सेटिंग्ज' लिहिलेलं दुसरं डिबगिंग असतं. तेही चालू करून फोन एकदा बंद-चालू करा, नाहीतर चित्र दिसेल आणि माऊस हलूनही काही होणार नाही.

केबलबद्दल माझीच फजिती सांगतो. फोंड्याला वरच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान. गेल्या पावसात एका गिऱ्हाइकाचा फोन जोडून तासभर ड्रायव्हर (कॉम्प्युटरला फोन ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) घालतोय, काढतोय, आणि कॉम्प्युटर म्हणतो फोन नाहीच. शेवटी दुकानातल्या पोराने केबल बदलली. आधीची नुसती चार्जिंगची होती, डेटाची तार तिच्यात नव्हतीच. पोरगं अजून हसतं.

तुमच्या कामाचं आणखी एक. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून फोनमध्ये थेट मराठी टंकायला गेलात तर अक्षरं उमटत नाहीत, इंग्रजी उमटतात. संवाद आधी कॉम्प्युटरवर लिहा, कॉपी करा आणि फोनच्या खिडकीत कंट्रोल-व्ही दाबा. उजवी टिचकी म्हणजे 'मागे'. बँकेचं ॲप मात्र खिडकीत काळं दिसेल; ते बिघडलेलं नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. काही बँकांची ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू असताना उघडतच नाहीत, म्हणून काम संपलं की ते बंद करा.

पण हे सगळं करण्याआधी ते दोन अंक बाहेर काढा. माऊस चालू झाल्या झाल्या स्वतःला ईमेल करा. तालमीच्या तोंडावर आपटलेल्या काचेवर भरवसा नको.

प्रश्न : मी पेडण्याला एकटी असते. लेक पुण्याहून म्हणते, एक ॲप घाल, मी इथून तुझा फोन बघते. परवा बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकानेही असंच ॲप घालायला सांगितलं. मी भिऊन फोन ठेवला.

उत्तर : बाय, फोन ठेवलात ते उत्तम केलंत. ॲप दोघांचं एकच असू शकतं. पलीकडे कोण आहे ते बघायचं. लेकीचा आवाज तुम्ही ओळखता, आणि तिला नंबर तुम्ही लावता. त्या माणसाने तुम्हाला लावला होता. ॲपमध्ये दिसणारा आकडा आणि नंतरची परवानगी दिली, की समोरचा तुमच्या फोनवर काय चाललंय ते बघतो, ओटीपीसुद्धा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

लेकीला हवं तर बघू द्या, पण ती बघत असताना बँकेचं ॲप उघडू नका आणि काम झालं की जोडणी तोडा. कधी चुकून पैसे गेलेच तर बँकेच्या वेळेची वाट न बघता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. तो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे.