उंबरठा नसलेल्या दारातली रांगोळी

लाडक्या सोनुले,

परवा निघता निघता तू विचारलंस, "आई, आपल्या फ्लॅटला उंबरठाच नाही, मग तू दारात रांगोळी का काढतेस? आणि मी तिथे उभी राहिले की ओरडतेस का?" तेवढ्यात तुझी बस आली, म्हणून आज लिहून ठेवते.

आजी रोज सकाळी उंबरठा ओल्या फडक्याने पुसायची, हळदकुंकू वाहायची आणि चिमटीतून रांगोळीच्या दोन रेघा सोडायची. नवी नवरी माप ओलांडून घरात येते ती तिथूनच. तिन्हीसांजेला मात्र उंबरठ्यावर बसायचं नाही. नरसिंहाने हिरण्यकश्यपूला मारलं ते तिथेच, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री.

हे सगळं मी इथे आल्यावर सोडलं होतं. मग झरीना हाश्मीची चित्रं पाहिली.

ती अलीगढची, जन्म १९३७ चा. गणिताची पदवीधर. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बिऱ्हाड सतत पाठीवर. पॅरिसला हेटर नावाच्या चित्रकाराच्या कार्यशाळेत आणि पुढे टोकियोत ती मुद्राचित्रण शिकली, म्हणजे ठोकळा किंवा पत्रा कोरून, शाई लावून कागदावर चित्र उमटवणं. फाळणीच्या वेळी ती दहा वर्षांची होती. १९५९ मध्ये आईवडील कराचीला गेले आणि अलीगढचं घर सुटलं ते सुटलंच. पुढे ती न्यूयॉर्कला राहिली.

१९९९ मध्ये तिने 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही ३६ चित्रांची मालिका केली. आधी उर्दू शब्द निवडले आणि मग एकेका शब्दाचं चित्र लाकडात कोरलं. त्यात एक शब्द आहे उंबरठा! त्या मोजक्या काळ्या रेघांपुढे मी बराच वेळ उभी होते. घर गेलं, पण घराचे शब्द तिने जाऊ दिले नाहीत. २०२० मध्ये ती लंडनला वारली. आयुष्यभर ती घराचीच चित्रं काढत राहिली, असं मला वाटतं.

त्या दिवशी परत येताना मी रांगोळीची पुडी घेऊन आले. म्हणून दारात त्या दोन रेघा असतात, आणि म्हणून तू त्यांच्यावर उभी राहिलीस की मी ओरडते.

शनिवारी लिनोलियमचा, म्हणजे लाकडापेक्षा मऊ, सहज कोरता येणाऱ्या पत्र्याचा तुकडा आणते. तू त्यावर 'उंबरठा' कोर. फक्त अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे कागदावर सुलटी येतील. 'ठ' सोपा आहे, 'उ'ला जरा वेळ लागेल.

तुझी,
आई