कल्हई वितळली, दोष कुणाचा?

प्रश्न : जुन्या पितळी पातेल्याला गेल्या महिन्यात कल्हई करून घेतली. त्यात शेंगदाणे भाजले, तर तळाशी चांदीसारखे थेंब जमले आणि मधूनमधून पितळ उघडं पडलं. कथील खोटं होतं का?

उत्तर : तेवढ्यावरून कथिलाला दोष देता येणार नाही. शुद्ध कथीलही २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. पातेल्यात पाणी आहे तोवर तळ शंभराच्या आसपास राहतो, म्हणून आमटी-भात निर्धास्त करा. कोरडं भांडं मात्र मोठ्या आचेवर काही मिनिटांतच २३२ ओलांडतं. भाजणं, तळणं, फोडणी लोखंडी कढईतच करा. आता त्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू नका. आंबटात पितळेतलं तांबं उतरतं आणि पदार्थ कळकतो.

पुन्हा कल्हई करताना समोर उभं राहून पाहा. भांडं आतून चिंच-मिठाने लख्ख हवं. तेलकटपणा राहिला तिथे कथील धरत नाही. तापल्या भांड्यात नवसागर भुरभुरला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. दुसरा वायू धातूवरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथील पितळेला घट्ट बसतं. मग कथिलाची कांडी टेकवून, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतात. पिवळी-निळी झाक आली तर भांडं जास्त तापलं असं समजा. हे काम उघड्यावरच व्हावं. तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका.

प्रश्न : कथिलात शिसं मिसळलंय हे कसं ओळखावं?

उत्तर : कल्हई होण्याआधीच कांडी मागून घ्या. कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील कुरकुरतं, कारण आतले स्फटिक वळताना आवाज होतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर करडी रेघ ओढतं. थोडी भेसळ यात कळत नाही, तिथे प्रयोगशाळाच हवी. डाक द्यायच्या, म्हणजे सांधे जोडायच्या (सोल्डर) तारेने कल्हई कधीही करू देऊ नका. त्या तारेत बहुधा ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असतं. ती १८३ अंशांपासूनच वितळू लागते म्हणून काम सोपं होतं, पण आंबटातून शिसं पोटात जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक आहे.

प्रश्न : काशाच्या वाटीलाही कल्हई लागते का?

उत्तर : नाही. काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथीलच असतं, पितळेतलं जस्त नसतं. त्यात जेवा, पण आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नका.