अमेरिकेतल्या शिकागो-गॅरीच्या पोलाद पट्ट्यात रेल्वे जंक्शनांवर इंटरलॉकिंग टॉवर कशासाठी असत?

तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदत. टॉवर नसलेल्या छेदावर गाडीला आधी थांबावंच लागे, आणि कोळशाने लादलेली मालगाडी एकदा थांबली की पुन्हा वेग घेताना इंजिनाचा घाम निघे. टॉवरमध्ये सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल हलवणाऱ्या लिव्हरची रांग आणि तिच्याखाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या. एका मार्गाचे सांधे लावून सिग्नल दिला, की या पट्ट्या आडव्या मार्गाचे लिव्हर अडकवून ठेवत. माणसाने कितीही जोर लावला तरी ते हलत नसत. खरी करामत हीच, आणि हिलाच इंटरलॉकिंग म्हणतात. उंच खोली मुख्यतः नजर पोचावी म्हणून, शिवाय खाली यंत्रणेला जागा मिळे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली इंटरलॉकिंगचं पेटंट घेतलं होतं. पुढे दूरच्या नियंत्रण कक्षातूनच सिग्नल हलू लागले आणि टॉवर एकेक करून बंद झाले.