मुंबईची ऑफर घेण्याआधी भाडं वजा कर

मुंबईच्या नोकरीत पगाराचा आकडा कोल्हापूरच्या नोकरीच्या दीडपट आहे म्हणून लगेच होकार कळवू नकोस. दोन्ही पगारांतून आधी भाडं वजा कर, मग उरलेल्या रकमा शेजारी ठेवून बघ. किराणा, गॅस, मोबाइलमध्ये फारसा फरक पडत नाही. सगळा खेळ घराचा. सरकारही हे मानतं: सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मूळ पगार देशभर सारखा, पण घरभाडं भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे मोठ्या शहरात जास्त, सुरुवातीला मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के होता. खासगी कंपनीत मात्र हे तुलाच बोलून घ्यावं लागेल.

आणि भाड्यासोबत डिपॉझिट येतं, दलाली येते, अकरा महिन्यांनी करार संपला की पुन्हा सामान टेम्पोत. मी स्वस्त पडेल म्हणून डोंबिवलीत खोली घेतली. येऊन-जाऊन रोज चार तास जायचे. रात्री कुकर लावायचंही त्राण नसायचं, मग खानावळीचा डबा. तो खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता.

तरी पहिली तीन-चार वर्षं मुंबईत काढ असंच मी सांगेन, कारण पुढची कंपनी बहुतेक वेळा मागचा पगार बघूनच आकडा ठरवते. फक्त एचआरला सीटीसी (कंपनीचा तुझ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च) नको, हातात किती येणार ते विचार.